चाळीस पावलं

"पाटील, जरा दमानं. पाय उचलत नाय माझा," कोंडाजीतात्या मागून ओरडला.

मी थांबलो नाही. पठारावरचं गवत पार पांढरं पडलं होतं. आमच्याकडे अशा गोठलेल्या दवाला हिव म्हणतात. वहाणांखाली ते मिठासारखं करकरत होतं आणि पायांची बोटं बधिर करत होतं. ऊन वर आलं होतं, पण त्याला धग नव्हती.

कोंडाजीतात्याची भावजय, तान्हाकाकी, आदल्या दिवशी दुपारी आमच्या मोरदऱ्याहून पलीकडच्या कारवडीला निघाली होती. मधे हे अडीच कोसांचं उघडं पठार. तिची एकुलती लेक ठकू कारवडीत दिलेली, आणि ठकूचे दिवस भरलेले. सकाळी ठकूचा नवरा आला तो हसतच आला. "पोरगी झाली," म्हणाला. "मामी काल येणार व्हत्या. अजून कशा नाय निघाल्या?" आमची तोंडं बघून त्याचं हसू उतरलं.

त्याला आल्या वाटेनं माघारी पाठवलं, दोन्हीकडे बघत जा म्हणून. मी आणि कोंडाजीतात्या वाट सोडून कारवीच्या रानाकडे वळलो. आदल्या दिवशी दुपारनंतर पठारावर धुकं उतरलं होतं. पौषात आमच्याकडे असं क्वचित होतं. आभाळ भरून आलं, भुरभुर पाऊस पडला, आणि दिवस मावळताना उत्तरेचा वारा सुटला तसे ढग पळाले. त्यानंतरची थंडी अशी होती की गोठ्यातल्या म्हशींच्या अंगावर आम्ही पोती टाकली. धुक्यात तान्हाकाकीची वाट चुकली असणार, एवढं मला कळत होतं. चुकलेलं माणूस उताराला लागतं. उतार कारवीकडे होता.

मी गावचा पोलीस पाटील होतो. वय बत्तीस. सातवी शिकलेलो, अक्षर चांगलं, म्हणून मला नेमलेलं. गावात कुणाचं अपघाती काही झालं, की ठाण्यात वर्दी द्यायची आणि पोलीस येईपर्यंत कशाला हात लागू द्यायचा नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते मला पाठ होतं.

पहिल्यांदा दिसली तिची पाटी. एका दगडावर नीट ठेवलेली, वर फडकं बांधलेलं. त्यात लेकीसाठी केलेले डिंकाचे लाडू होते, एकही सांडला नव्हता. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि पुढं बघितलं.

गवतात पावसासाठी डोक्यावरून घ्यायची गोणपाटाची खोळ पडली होती. पलीकडे तिचं लुगडं. ते गोळा होऊन पडलेलं नव्हतं; चालता चालता कुणी सोडत जावं तसं लांबच्या लांब गवतावरून गेलेलं, एक टोक कारवीत अडकलेलं. त्याच्याही पुढं एका धोंड्यावर चोळी. आणि खालच्या खळग्यात, करवंदीच्या जाळीत, काळी घोंगडी.

घोंगडीखाली माणूस झोपलंय असंच मला वाटलं. मी जाऊन कडा उचलली.

गुडघे पोटाशी घेऊन, तान्ह्या पोरासारखी ती पडली होती. अंगावर चिंधी नव्हती. गुडघे, कोपरं सोललेली, नखांत माती. मी हात लावला. दगड.

वर बघितलं तर कोंडाजीतात्या अजून टेपाडापलीकडे होता. त्याचा खोकला ऐकू येत होता.

मी त्या वेळी काय विचार केला ते मला पुष्कळ जणांनी पुष्कळदा विचारलं. खरं सांगायचं तर विचार केलाच नाही. बारा वर्षं विधवा राहून, लोकांच्या बांधावर खुरपून जिनं लेक वाढवली, गावातल्या कुणाची जिच्याकडे वाकडं बघायची छाती नव्हती, तिचं लुगडं असं रानभर पसरलेलं तिच्या दिराला दिसू नये, एवढंच डोक्यात आलं. मी पळत वर गेलो. खोळ उचलली, लुगडं ओढलं, ते कारवीतून निघेना तेव्हा टोक फाटलं. चोळी घेतली. खाली येऊन लुगडं घोंगडीच्या आत तिच्या अंगावर पांघरलं, बाकीचं तिच्या उशाशी ठेवलं.

कोंडाजीतात्या आला. खाली बसला. त्यानं घोंगडी सारली, लुगड्याची कड उचलली, आणि खाली ठेवली.

"कापडं अशी ढीग करून का ठिवल्याली?"

"अशीच होती," मी म्हणालो.

दोनच शब्द. ते परत घ्यायला तेव्हा एक क्षणही लागला नसता.

कोंडाजीतात्यानं घोंगडीचा काठ हातात घेऊन निरखला. "ही आपल्या गावची नव्हं. ही त्या सणगराची हाये. हिंगमिऱ्याची. काल तो पठारावरच व्हता."

सिद्राम हिंगमिरे माणदेशातला सणगर, घोंगड्या विणणारा. दर पौषात तट्टावर घोंगड्या लादून आमच्या डोंगरात यायचा. वीस वर्षं येत होता. कुणाच्याही पडवीत झोपायचा, मिळेल ती नागलीची भाकरी खायचा. गावातल्या निम्म्या माणसांची थंडी त्याच्या घोंगड्यांनी भागली होती.

दुपारी फौजदार आले. पंचनामा करायला बसले तेव्हा त्यांच्या हवालदाराची बोटं गारठली होती, पेन धरवेना. फौजदार म्हणाले, "पाटील, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच लिहा." मी माझ्या हातानं लिहिलं: मृत स्त्रीच्या अंगावर लुगडे नेसलेले नसून नुसते पांघरलेले, व बाकीचे कपडे तिच्या उशाशी एका जागी गोळा करून ठेवलेले दिसले. खाली सही केली. कोंडाजीतात्यानं अंगठा दिला.

त्या संध्याकाळी हिंगमिऱ्याला पलीकडच्या वाडीत धरला.

*

दुसऱ्या दिवशी मला जबाबासाठी तालुक्याला बोलावलं. तान्हाकाकीला आदल्या दिवशीच बांबूला झोळी बांधून खालच्या बाजारगावच्या सरकारी दवाखान्यात उतरवलं होतं. जबाब देऊन, येताना तिला ताब्यात घेऊन वर यायचं असं ठरलं होतं.

ठाण्यात मी बाकावर बसलो होतो. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, पण आवाज येत होता.

"बोल, बाई तुला कुठं भेटली?"

"भेटली न्हाई, सायेब. दिस उगवायला तिकडनं चाललो हुतो, तवा दिसली. गार पडली हुती. उघडी हुती, म्हनून घोंगडी घातली. भ्यालो, म्हनून कुनाला बोल्लो न्हाई. एवढाच माजा गुना."

"आणि कपडे?"

"वाटंवर पडल्याली, सायेब. लांब लांब. येक हितं, येक तितं."

फटका बसल्याचा आवाज आला.

"खोटं बोलतोस? कपडे ढिगात होते. पाटलानं डोळ्यांनी बघितलंय. तुझं ऐकू का पाटलाचं?"

"देवाची आन सायेब, वाटंवर पडल्याली—"

मग बराच वेळ नुसते फटक्यांचेच आवाज आले. माझ्या समोर भिंतीवर एक पाल होती. मी तिच्याकडे बघत बसलो. दार उघडून फौजदार बाहेर आले, हात झटकत म्हणाले, "पाटील, तुमचा पंचनामा आहे म्हणून बरं. नाहीतर हा सुटला असता."

मी जबाब दिला. पंचनाम्यात होतं तेच सांगितलं.

*

दवाखान्याच्या ओट्यावर डॉक्टर आजरेकर खुर्ची टाकून उन्हात बसले होते. पन्नाशीचे, उंच, कान झाकणारी लोकरीची टोपी घातलेले. आधी सैन्यात डॉक्टर होते, तिथून निवृत्त होऊन सरकारी नोकरीत आलेले. बाजारगावात त्यांना मिलिटरी डॉक्टरच म्हणत. त्यांनी मला समोरच्या पायरीवर बसवलं आणि कंपाउंडरला चहा आणायला सांगितलं.

"पोलीस पाटील तुम्ही? पंचनामा तुमच्या हातचा?"

"हो."

"मला काही विचारायचंय. त्या बाईंनी त्या दिवशी जेवण केलं होतं?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. मी आठवलं. "नाही. पौषातला रविवार. तिचा उपास असायचा. संध्याकाळी लेकीकडे सोडणार होती."

"पावसात भिजल्या असतील?"

"भिजली असणार. गोणपाट असं किती थोपवणार?"

"सापडल्या ती जागा कशी आहे? उंचावर?"

"खळगा आहे. वरून सगळा उतार तिथंच येतो."

डॉक्टर मान हलवत राहिले. "थंड हवा जड असते, पाटील. पाण्यासारखी उतारानं खाली येते आणि खळग्यात साचून राहते. वर टेपाडावर माणूस वाचला असता, खाली नाही. ढग होते तोवर जमिनीची ऊब टिकून होती. ते गेले, आभाळ उघडं पडलं आणि सगळी ऊब वर निघून गेली. त्यात ओलं सुती लुगडं, त्यावर वारा. कोरड्या अंगाची ऊब जायला जेवढा वेळ लागतो ना, त्याच्या कितीतरी आधी ओल्याची जाते. आणि पोटात अन्न नाही, म्हणजे चुलीत जळण नाही."

"म्हणजे ती थंडीनं गेली?"

"माझं तसंच मत आहे. अत्याचाराची एकही खूण मला सापडलेली नाही. सोललंय ते फक्त गुडघ्यांना आणि कोपरांना, म्हणजे त्या रांगत गेल्या. पण फौजदार म्हणतात, मग कपडे कुणी काढले?"

चहा आला होता, मी त्याची वाफ बघत राहिलो.

"मी लडाखला होतो," डॉक्टर म्हणाले. "तिथल्या दुसऱ्याच हिवाळ्यात आमचे दोन जवान गस्तीवरून परत आले नाहीत. सापडले तेव्हा एकाच्या अंगात कोट नव्हता, सदरा नव्हता. बर्फात कोट एकीकडे, मोजे एकीकडे. आम्हाला वाटलं, घात झाला. कुणीतरी लुटलं. मग आमच्या कर्नलसाहेबांनी समजावलं. त्यांनी असं आधी पाहिलं होतं. अंग गार पडायला लागलं की शरीर हातापायांचं रक्त आत ओढून घेतं. काळीज आणि मेंदू जगावेत म्हणून कातडीजवळच्या शिरा आवळून धरतं. तास न् तास धरतं. आणि मग ती धरायची ताकदच संपते. शिरा एकदम सैल सुटतात, आत राखलेलं ऊन रक्त कातडीत येतं, आणि त्या माणसाला वाटतं की अंगाची आग होतेय. डोकं तोवर ठिकाणावर राहिलेलं नसतं. तो एक एक कपडा काढत, फेकत जातो. शेवटी जनावरासारखा कुठंतरी सांदीत, झुडपात शिरतो. तिथंच संपतो."

"इथं तर बर्फ नाही, डॉक्टर."

"बर्फ लागत नाही. ओलं अंग, वारा आणि उपाशी पोट, एवढं पुरतं." ते पुढं वाकले. "म्हणून तुम्हाला विचारतो. अशा माणसाचे कपडे ढिगात नसतात. विखुरलेले असतात. ढीग करून ठेवायला शुद्ध लागते, ती त्याच्याकडे नसते. तुमच्या पंचनाम्यात ढीग आहे. ढीग असेल तर माझं म्हणणं टिकत नाही. कपडे दुसऱ्या माणसानं ठेवले, हेच खरं धरावं लागतं. तुम्हाला नक्की आठवतं?"

ते माझ्याकडे बघत होते. त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती, संशयही नव्हता. एवढं सरळ मला कुणी विचारलं नव्हतं.

"ढीगच होता," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले, आणि उठून आत गेले.

तिला घेऊन आम्ही वर आलो. संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. चिता पेटली तेव्हा गारठलेली माणसं नकळत जवळ सरकली आणि मग ध्यानात येऊन मागं झाली.

*

मी का बोललो नाही? पद जाईल म्हणून, हे आहेच. पण तेवढंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले ते मला पटलं होतं आणि पटलंही नव्हतं. थंडीनं मरणारी बाई अंगावरचं काढून टाकते हे मी गावात कुणाला सांगणार? परक्या माणसानं घात केला, यात निदान तान्हाकाकीकडे बोट नव्हतं. तिनं आपल्या हातानं लुगडं सोडलं, हे सांगायला माझी जीभ रेटेना. मी स्वतःला असं समजावत होतो की मी तिची अब्रू राखतोय.

चौथ्या दिवशी मी कारवडीला गेलो. ठकूला कुणीतरी गावाकडचं भेटायला जायला हवं होतं आणि कोंडाजीतात्या जात नव्हता.

बाळंतिणीची खोली म्हणजे पडवीचाच एक कोपरा, गोणपाट लावून आडोसा केलेला. आत शेगडी होती. ठकूची सासू बाहेर जात्याशी बसली होती. मला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं, आणि शेजारणीकडे तोंड करून, पण मला आणि आत ठकूला ऐकू जाईल अशी बोलली:

"वाट सोडून बाई कारवीच्या रानात कशाला जाती? सणगराशी ओळख वीस वर्साची. आता आमच्या दारी नात आली, तिला उद्या लोक इचारतील, तुझी आजी कशी मेली?"

आत गोणपाटापलीकडे पोर रडत होतं ते थांबलं. ठकूनं पाजायला घेतलं असेल. मी म्हणालो, "ठकू, मी हिरामण." आतून ओ आली नाही.

मी जे राखतोय असं समजत होतो ते कधीच लुटलं गेलं होतं, हे मला त्या पडवीत कळलं.

येताना मी कारवीच्या रानात गेलो. पाटी ठेवली होती तो दगड सापडला. कारवीच्या फांदीला लुगड्याचा फाटका तुकडा अजून होता, मी ओढताना राहिलेला. दगडापासून करवंदीच्या जाळीपर्यंत मी चालत गेलो. चाळीस पावलं भरली. तुकडा काढला नाही. तिथंच राहू दिला आणि तसाच खाली उतरलो, घरी न जाता.

*

आधी दवाखान्यात गेलो. डॉक्टर आजरेकर कुणाची तरी जखम धूत होते. मी दारातूनच म्हणालो, "डॉक्टर, ढीग मी केला."

त्यांनी जखम धुवून पूर्ण केली, पट्टी बांधली, हात पुसले. "चला," एवढंच म्हणाले. टोपी घातली आणि माझ्याबरोबर ठाण्यापर्यंत यष्टीनं आले.

फौजदारांना पहिल्यांदा कळेचना. मी परत सांगितलं. खोळ इथं होती, लुगडं तिथं, चोळी धोंड्यावर. मी गोळा केली. तुकडा अजून फांदीला आहे, माणूस पाठवून बघा. हिंगमिरे खरं बोलतोय.

"म्हणजे पंचनामा खोटा?"

"हो."

"तुमच्या हातचा?"

"हो."

"पाटील, याचा अर्थ कळतो तुम्हाला? या गरिबाला चार दिवस मी—" त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी टेबलावरचा कागद माझ्यापुढं सरकवला. "लिहा. सगळं लिहा. अक्षर चांगलं आहे तुमचं."

मी लिहिलं. डॉक्टरांनी त्यांचं इंग्रजीत लिहिलं, मग फौजदारांना मराठीत समजावलं. जागेची पाहणी, कागद वर जाणं-येणं यात अजून आठवडा गेला. अकराव्या दिवशी हिंगमिऱ्याला सोडला. मी फाटकाशी उभा होतो. त्याचा डावा हात गळ्यात बांधलेला होता. मनगट मोडलं होतं. चालताना तो कमरेत वाकत होता.

मी त्याचे पाय धरायला वाकलो तसा तो मागं सरला.

"नगा, पाटील. तुमीबी तिला झाकलं, मीबी झाकलं. मार तेवढा मला पडला."

एवढं बोलून तो तट्टू सोडवायला गेला. त्याला मी वेशीपर्यंत सोबत करू का विचारलं, तर नको म्हणाला. त्यानंतर तो आमच्या डोंगरात कधी आला नाही. दोन वर्षांनी मी त्याचं गाव शोधत माणदेशात गेलो होतो. तो माग चालवत होता, एका हातानं धोटा टाकायचा, दुसरा नुसता आधाराला. मला घरात घेतलं, जेवू घातलं. त्या दिवसाविषयी एक अक्षर बोलला नाही, मलाही बोलू दिलं नाही.

माझं पद गेलं. पुढं खटलाही झाला, त्यात शिक्षा थोडक्यावर भागली. गावाचं मन मात्र फिरलं नाही. कोंडाजीतात्यानं माझ्याशी बोलणं सोडलं. पाटलानं सणगराला सोडवायला गोष्ट रचली, असं तो चावडीवर म्हणायचा. "थंडी वाजली तर माणूस कापडं घालंल का काढंल?" असं विचारायचा. लोक हसायचे. डॉक्टर एकदा मुद्दाम गावात आले, देवळासमोर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. ओलं माणूस सापडलं तर आधी ओलं काढा, कोरडं घाला, वाऱ्यातून हलवा. चोळू नका, दारू पाजू नका. शुद्धीवर असेल तरच गोड चहा द्या. बायका पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. पुरुष निम्म्यातूनच उठून गेले. पण त्यानंतर पौषात पठार ओलांडायचं तर बायका एकटीनं निघायच्या थांबल्या, हे मी बघितलंय.

*

सव्वा महिना झाल्यावर ठकू आली. दुपारची वेळ होती, मी अंगणात भात पाखडत होतो. तिच्या कडेला पोर होती, डोक्याला कुंची बांधलेली. ठकू पूर्वी अंगानं भरलेली होती. आता नुसते डोळे दिसत होते. आई गेल्यापासून ती एकदाही रडली नाही, असं कारवडीहून कानावर आलं होतं. माझ्या बायकोनं तिला आत बोलावलं, तर म्हणाली, "नको वहिनी, हितंच बसते." आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"दादा, लोक सांगत्यात ते नको. तुम्ही काय बघितलं ते सांगा."

मी सांगितलं. काही झाकलं नाही. पाटी दगडावर होती इथपासून. लाडू सांडले नव्हते, हेही सांगितलं. खोळ, लुगडं, चोळी, कुठं काय होतं ते. मी काय केलं आणि काय खोटं बोललो ते. डॉक्टरांनी शिरांचं, रक्ताचं समजावलं होतं ते मला जमेल तसं सांगितलं.

पोर कुंचीची नाडी चोखत होती. माझं सांगून झाल्यावर ठकूनं विचारलं:

"म्हंजी शेवटाला तिला थंडी वाजत नव्हती?"

"नाही," मी म्हणालो. "थंडी जाते. ऊब वाटायला लागते."

"किती येळ?"

डॉक्टरांना मीही हेच विचारलं होतं. ते म्हणाले होते, फार थोडा वेळ; आणि माणसाला तेव्हा काही कळत असतं असंही नाही. फौजदारासमोर तो दुसरा कागद लिहिताना मी मनाशी ठरवलं होतं की इथून पुढं जे बघितलं नाही ते तोंडातून काढायचं नाही.

"बराच वेळ," मी म्हणालो. "पार झोप लागेपर्यंत."

ठकूनं मान हलवली. पोरीला छातीशी धरलं, आणि सव्वा महिन्यात पहिल्यांदाच रडली.